घुणाक्षर-न्याय

वाईस संस्कृत शिकत असतांना आमच्या गुरुजींनीं एके दिवशीं पडक्या माडीच्या तुळईचा एक तुकडा आम्हां विद्यार्थ्यांपुढें ठेवला. घुणानें, म्हणजे लांकूड पोखरणाऱ्या किड्यानें, तो चोहों बाजूंनीं कोरून काढला होता. आणि त्या शेंकडों वेड्यावांकड्या रेघांत एके ठिकाणीं स्वच्छ ‘र’ उमटला होता. आमच्यापैकीं एकानें लगेच हात जोडले व तो पुढचा ‘म’ शोधूं लागला. गुरुजी हंसून म्हणाले, “अरे, किड्याला लिपि येते काय? तुळई मोठी, किडे पुष्कळ, वर्षेंहि पुष्कळ. एखादें अक्षर उमटलें नसतें तरच नवल. तूं हा ‘र’ पाहिलास. पण ज्या हजार रेघांचें कांहींच झालें नाहीं, त्या कोणीं पाहाव्या?” यास घुणाक्षर-न्याय म्हणतात. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, तो काकतालीय न्याय. तो एका योगायोगाचा. घुणाक्षराचें मर्म गुरुजींनीं आम्हांस निराळें शिकविलें: येथें रेघा असंख्य असतात, आणि आपण त्यांतील एकच उचलून वाचतों.

पन्नास वर्षांपूर्वींचा तो लांकडाचा तुकडा मला गेल्या आषाढांत सांगलीहून आलेल्या एका कागदानें आठवला.

आमच्या धाकट्या बंधूंचें बिऱ्हाड सांगलीस आहे. त्यांचा नातू साडेतीन वर्षांचा झाला, तरी दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नाहीं. घरांत आजी, चुलत्या, शेजारीपाजारी, सर्वांचे उपाय चालू होते. अखेर कोणाच्या तरी सांगण्यावरून मुलाला एका ठिकाणीं नेलें. तेथें डोक्यास तारांची टोपी घालून मेंदूंतील विद्युल्लहरी टिपल्या, त्या निरोगी मुलांच्या लहरींशीं संगणकानें ताडून पाहिल्या, आणि रंगीत नकाशासह एक तक्ता हातीं दिला. तक्त्यांत साठ आंकडे होते. सत्तावन्न काळ्या शाईंत, तीन तांबड्या. सूनबाईंनीं त्याचें छायाचित्र फोनवर पाठविलें आणि खालीं लिहिलें, “काका, तीन तांबडे आले आहेत. रात्रभर डोळ्यास डोळा नाहीं. आपण सांगाल तसें करूं.”

मी वैद्य नव्हें. जुन्या मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाहीं. साताऱ्याच्या एका शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें आणि गणिताचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचे तास घेतले, इतकेंच माझें भांडवल. परंतु तक्त्याच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मीं भिंग घेऊन वाचली: शंभर निरोगी मुलांपैकीं पंचाण्णव ज्या मर्यादेंत बसतात, तिच्याबाहेरचा आंकडा तांबडा छापला आहे.

या ओळींतच सर्व कांहीं आहे. शंभरांतील पंचाण्णव आंत, म्हणजे पांच बाहेर. म्हणजे पूर्ण निरोगी मुलाचाहि एखादा आंकडा विसांतून एकदां तांबडा यावयाचाच. मग साठ आंकडे मोजले तर निरोगी मुलाच्या तक्त्यांत सरासरीनें तांबडे किती यावेत? साठ भागिले वीस, म्हणजे तीन! तेवढेच आमच्या नातवाचे आले होते. आणखी पुढें जाऊन पाहा. साठहि आंकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असें क्षणभर धरलें, तर ते सर्वच्या सर्व काळे येणें हा योग शंभर निरोगी मुलांत जेमतेम पांचांच्या वांट्यास येईल. तीन किंवा अधिक तांबडे आंकडे निम्म्याहून अधिक निरोगी मुलांच्या कागदावर दिसतील. ज्या तांबड्या शाईनें सूनबाईंची झोंप उडविली, ती रोगाची खूण नव्हती. ती मुख्यतः साठ वेळां पाहिल्याची खूण होती.

आमचा एक आप्त परदेशीं मेंदूच्या संशोधनांत आहे. त्यास हें विचारलें, तेव्हां त्यानें एका माशाची कथा सांगितली. ती मनोरंजक आहे, आणि खरीहि आहे. मेंदूचें काम चालू असतां त्याच्या कोणत्या भागांत रक्ताचा पुरवठा बदलतो, हें मोठ्या चुंबकाच्या यंत्रानें टिपतां येतें. त्यासाठीं मेंदूचे लहान लहान घन भाग कल्पितात, आणि प्रत्येक भागास एकच प्रश्न विचारतात, “तूं जागा झालास काय?” अमेरिकेंतील क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं या यंत्रांत एक सामन मासा ठेवला आणि त्यास माणसांचीं चित्रें दाखवून, चित्रांतील व्यक्तीच्या मनांत कोणती भावना आहे, असा प्रश्न केला. मासा बाजारांतून आणलेला, मेलेला होता. त्याच्या प्रतिमेंत ८०६४ घन भाग होते. प्रत्येकाची परीक्षा हजारांत एक इतक्या कडक कसोटीनें केली. आणि तरीहि १६ भाग “जागे” निघाले, त्यांतील कांहीं चक्क माशाच्या मेंदूच्या पोकळींत! हजारांत एक या हिशेबानें आठ हजारांत निव्वळ योगायोगानेंच आठ-एक यावयाचे. ही गोष्ट त्यांनीं २००९ सालीं विद्वानांच्या परिषदेंत मांडली, आणि २०१२ सालीं त्यांस इग नोबेल हें विनोदी, पण विचार करावयास लावणारें पारितोषिक मिळालें. त्यांचा उद्देश माशाची थट्टा करण्याचा नव्हता. माणसाच्या मेंदूचे असे भाग लाखाच्या घरांत असतात, आणि त्या काळच्या पुष्कळ निबंधांत इतक्या वेळां पाहिल्याची भरपाई केलेलीच नव्हती. तें त्यांस दाखवावयाचें होतें. भरपाई करतांच मासा पुन्हां मेला. एकहि भाग जागा उरला नाहीं.

ही भरपाई कशी करतात? अगदीं सोपी रीत अशी: जितक्या वेळां पाहावयाचें तितक्यांनीं कसोटीस भागावें. इटलीचे गणिती बोनफेरोनी यांनीं १९३६ सालीं जो नियम मांडला, त्यावर ही रीत उभी आहे. आणि १९६१ सालीं ऑलिव्ह डन या विदुषीनें ती परीक्षांच्या कामास नीट लावून दिली. एकच आंकडा पाहावयाचा असेल तर विसांत एक पुरे. साठ पाहावयाचे असतील तर बाराशेंत एक इतका विलक्षण आंकडा आला तरच भुंवई उंचवावी. त्या माशास ही रीत लाविली तर एक लाख एकसष्ट हजारांत एक अशी कसोटी पडते. सांगलीच्या तक्त्यांतील तिन्ही तांबडे आंकडे मर्यादेच्या किंचितच बाहेर होते. बाराशेंत एकाच्या जवळपासहि त्यांतला कोणी पोंचत नव्हता.

आतां हें सर्व परदेशांतील मासे आणि यंत्रें यांच्यापुरतेंच आहे असें कोणी म्हणेल, म्हणून आपल्या घराजवळचें उदाहरण देतों. भाविक वाचकांनीं तें रागावून न वाचतां सावकाश वाचावें, ही प्रार्थना.

कोल्हापुरास जन्मलेले थोर ज्योतिर्विद् डॉ. जयंत नारळीकर, पुणें विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागांतील प्रा. सुधाकर कुंटे, आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले श्री. प्रकाश घाटपांडे, या चौघांनीं मिळून फलज्योतिषाची एक परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २००८ सालीं पुण्यास जाहीर झाले आणि २००९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत सविस्तर छापले गेले. शंभर हुशार मुलांचीं व शंभर मतिमंद मुलांचीं जन्मटिपणें स्वयंसेवकांनीं गोळा केलीं आणि त्यांच्या कुंडल्या तयार केल्या. कोणती कुंडली कोणत्या मुलाची, हें गुपित संख्याशास्त्र विभागांत राहिलें. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषास त्यांतील चाळीस कुंडल्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून धाडल्या, आणि प्रत्येक कुंडली हुशार मुलाची कीं मतिमंद मुलाची, एवढेंच सांगावयास लाविलें. चाळिसांपैकीं अठ्ठावीस बरोबर आलीं तर तें यश मानावें, असें ठरलें होतें. निव्वळ नाणें उडविलें तर सरासरीनें वीस बरोबर येणार, हें उघडच आहे.

सत्तावीस ज्योतिषांनीं उत्तरें पाठविलीं. एकाचीं चोवीस बरोबर आलीं, दोघांचीं बावीस, आणि उरलेल्या चोवीस जणांचीं वीस किंवा त्याहून कमी. सर्वांची सरासरी निम्म्याहूनहि खालींच राहिली. एका ज्योतिषसंस्थेनें दोनशेंच्या दोनशें कुंडल्या पाहिल्या. त्यांची १०२ उत्तरें बरोबर आलीं.

आतां समजा, या सत्तावीस जणांची यादी कोणीं छापलीच नाहीं, आणि केवळ “एका ज्योतिषानें चाळिसांपैकीं चोवीस मुलें अचूक ओळखिलीं” एवढीच वार्ता आपल्या ओटीवर आली. आपण काय म्हणूं? “शंभरांत साठ! कांहीं तरी आहे बरें!” असेंच. परंतु गणित असें सांगतें कीं, सत्तावीस माणसांनीं प्रत्येकीं चाळीस वेळां नुसतें नाणें उडवून उत्तरें दिलीं, तर त्यांतील कोणा ना कोणास चोवीस किंवा अधिक गुण मिळण्याचा संभव शंभरांत अठ्ठ्याण्णव आहे. इतकेंच नव्हे, एकट्या माणसास नाण्याच्या जोरावर अठ्ठावीस मिळण्याचा संभव हजारांत सुमारें आठ. पण सत्तावीस जण बसले म्हणजे त्यांतील एखाद्यास तरी अठ्ठावीस मिळण्याचा संभव पांचांत एक होतो. म्हणजे त्या दिवशीं एखाद्याचीं अठ्ठावीस आलीं असतीं, तरी तेवढ्यावरच निवाडा न करतां त्यास नव्या चाळीस कुंडल्या देऊन पुन्हां एकदां पाहणें न्याय्य ठरलें असतें.

आमच्या घरांत हें गणित कोणास पटेना. तेव्हां गेल्या भाद्रपदांत गणपतीस सर्व मंडळी सांगलीस जमलीं असतां मीं एक खेळ मांडला. लहानथोर सोळा माणसें. प्रत्येकानें चाळीस वेळां छापा कीं कांटा तें आधीं सांगावयाचें आणि मग रुपया उडवावयाचा. पुतण्यानें गुण लिहून घेतले. आमच्या वहिनी, ज्यांना त्या खेळांत मुळींच रस नव्हता व ज्या मोदकांची उकड मळतां मळतां उत्तरें देत होत्या, त्यांचीं पंचवीस बरोबर आलीं. पुण्यांतील सर्वोत्तम ज्योतिषाहून एक अधिक! “भाऊजी, आतां दारावर पाटी लावूं काय?” असें त्यांनीं विचारलें, आणि जें काम माझ्या आंकडेमोडीनें झालें नव्हतें, तें त्या एका वाक्यानें झालें.

येथें एक शंका न्यायाची आहे, आणि सूज्ञ वाचक ती घेतीलच. वेगवेगळें पाहतां कोणाचेंच यश मोठें नाहीं, हें खरें. पण थेंबें थेंबें तळें सांचतें, तसें सर्वांचें थोडें थोडें यश एकत्र केल्यास कांहीं निष्पन्न होणार नाहीं काय? होऊं शकतें, आणि म्हणूनच विखुरलेला पुरावा एकत्र करण्याचेंहि शास्त्र आहे. सत्तावीस जणांचीं मिळून उत्तरें १०८०. प्रत्येकाचीं बाविसाच्या आसपास, म्हणजे शंभरांत पंचावन्न बरोबर आलीं असतीं, तर एकहि जण अठ्ठाविसास पोंचला नसता. परंतु बेरीज ५४० च्या ठिकाणीं ५९४ झाली असती, आणि इतका फरक केवळ योगायोगानें दोन हजारांत एखादे वेळीं पडतो. म्हणजे प्रत्येक जण नापास, आणि वर्ग मात्र पास! तेव्हां बेरीज करून पाहणें हें परीक्षकाचें कर्तव्यच होय. पुण्यांत तीहि संधि दिली गेली. बेरीज निम्म्याच्या खालीं गेली.

मात्र बेरीज करतांना दोन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें पथ्य असें कीं संभवांचा गुणाकार करून थांबूं नये. दोन स्वतंत्र परीक्षांत दहांत एक असा निकाल लागला, तर आपण झटकन् “शंभरांत एक” म्हणतों. परंतु सर रोनाल्ड फिशर यांनीं १९३२ सालीं जी रीत दिली तिच्याप्रमाणें हा एकत्रित पुरावा अठरांत एक इतकाच ठरतो. कारण इतका लहान गुणाकार येण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि तेहि मोजावे लागतात. दुसरें पथ्य, साक्षीदार खरोखर स्वतंत्र आहेत काय, हें पाहावें. दोनशेंच कुंडल्या सत्तावीस जणांत फिरल्या, म्हणजे एकच कुंडली अनेकांच्या हातीं गेली. आणि दोन ज्योतिषी एकाच ग्रंथावरून बोलले तर ती एकच साक्ष दोनदां झाली. मेंदूचेंहि तसेंच आहे. शेजारशेजारचे भाग एकमेकांचें पाहून हालतात. या शेजारधर्माचा हिशेब चुकला म्हणजे केवढा घोटाळा होतो, हें स्वीडनमधील अँडर्स एकलुंड व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं दाखविलें: जेथें शंभरांत पांच वेळां चूक व्हावी, तेथें कांहीं प्रचलित रीतींनीं सत्तर वेळांपर्यंत चूक होऊं शकते. आपल्या घरांतहि एकच वावडी चार तोंडांनीं कानीं आली म्हणजे आपण ती चार प्रमाणें मानतों. त्यांतलाच हा प्रकार.

पण भरपाईचें हें अस्त्र दुधारी आहे. लक्षण करतांना दोन दोष टाळावेत असें आम्ही तर्कसंग्रहांत शिकलों: जें नाहीं त्यास कवेंत घेणें ही अतिव्याप्ति, आणि जें आहे तें सुटणें ही अव्याप्ति. आधुनिक संख्याशास्त्रांत हीच दोन पापें दोन प्रकारच्या चुका म्हणून नेमान व एगन पिअर्सन या दोघांनीं गणितांत बसविलीं. आपल्या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट अशी कीं, खटाव तालुक्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं लंडनास याच दोघांच्या सहवासांत अध्ययन करून १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविली, आणि पुढें १९५१ पासून १९७० पर्यंत राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून साऱ्या जगाच्या अन्नाचा हिशेब पाहिला. कसोटी कडक केली कीं अतिव्याप्ति कमी होते आणि अव्याप्ति वाढते. मेलेला मासा मेलेला राहतो खरा. पण त्याच कडकपणानें जिवंत माणसाची एखादी क्षीण खूणहि पुसली जाण्याचें भय असतें. म्हणून १९९५ सालीं इस्रायलचे बेंजामिनी व हॉकबर्ग यांनीं मधला मार्ग काढला. एकहि चूक नको असा हट्ट न धरतां, ज्यांस आपण “खरें” म्हणून निवडलें त्यांत खोट्यांचें प्रमाण सरासरीनें अमुक शेंकड्यापलीकडे जाऊं नये, एवढेंच पाहावें. जेथें हजारों प्रश्न एकदम विचारावयाचे असतात, तेथें हा मार्ग सोयीचा पडतो.

इतकें लिहिल्यावर एक कबुली दिल्यावांचून लेखणी ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून मंद. तो सहा वर्षांचा असतां त्याची पत्रिका घेऊन मी स्वतः निरनिराळ्या गांवांच्या सात ज्योतिषांकडे गेलों. मी तेव्हां नुकता शिक्षक झालों होतों. चार श्लोक पाठ असल्यामुळें पुढारपण माझ्याकडे होतें. सहांनीं सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतील कांहींनीं तर असें कांहीं व्यंग पत्रिकेंत दिसतच नाहीं म्हटलें. सातव्यानें सांगितलें कीं, बारावें वर्ष लागतांच गुरुबल येईल आणि मुलगा चारचौघांसारखा होईल. आम्ही सहा विसरलों आणि सातवा जपून ठेवला. साताऱ्यांत त्या वेळीं अशा मुलांस शिकविणारें कोणी मिळालें नसतें असें नाहीं. पण “बारावें लागूं दे” म्हणून आम्ही थांबलों. सहा वर्षें गेलीं. बारावें लागलें, तेरावें लागलें. त्या ज्योतिषास मी दोष देत नाहीं. तो आपल्या पोथींतून बोलला. सात रेघांतून हवें तें अक्षर निवडणारा मी होतों, आणि गुरुजींनीं मला तो तुळईचा तुकडा त्याआधींच दाखविलेला होता.

बहीण आतां नाहीं. भाचा पन्नाशीचा आहे आणि आमच्याकडेच असतो. सकाळीं दूध आणतो, देवाचीं फुलें काढतो, विसांपर्यंत मोजतो. विसापुढें त्याला कोणी वेळेवर नेलें असतें तर तो कोठवर गेला असता, हें मला कोणतीहि कुंडली आणि कोणताहि नकाशा आतां सांगूं शकणार नाहीं.

म्हणून सांगलीस उत्तर लिहितांना “तीन तांबडे आंकडे योगायोगाचे, स्वस्थ झोंपा” एवढेंच लिहून मी थांबलों नाहीं. तसें लिहिणें हीहि सातव्या ज्योतिषाचीच भाषा झाली असती. मीं लिहिलें तें असें: “या कागदानें मुलास कांहीं आहे हें सिद्ध होत नाहीं, आणि कांहीं नाहीं हेंहि सिद्ध होत नाहीं. साठ प्रश्न एकदम विचारून जें उत्तर मिळालें तें उत्तरच नव्हे. मूल बोलत नाहीं, हा मात्र साठांतला एक आंकडा नव्हे. तें तुम्हीं रोज डोळ्यांनीं पाहत आहां. तेव्हां आधीं एकच प्रश्न ठरवा आणि त्याचेंच उत्तर शोधा. मूल उशिरां बोलतें तेव्हां पहिला प्रश्न कानांचा. त्याला ऐकूं येतें काय, हें जाणत्या डॉक्टरकडून तपासून घ्या. आणि त्या तीन आंकड्यांचा घोर जातच नसेल, तर पुन्हां साठ मोजूं नका. तेच तीन, आधीं नांवें लिहून ठेवून, नव्यानें मोजावयास सांगा. योगायोगानेंच आले असतील, तर तिन्ही पुन्हां तांबडे येण्याचा संभव, ते परस्परांवर अवलंबून नसतील तर, आठ हजारांत एक.”

सूनबाई शहाण्या. त्यांनीं तक्ता कपाटांत ठेवला आणि मुलाला मिरजेस कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. दोन्ही कानांच्या पडद्यांमागें पाणी सांचून ऐकूं येणें पुष्कळ मंदावलें आहे, असें तपासांत निघालें. उपचार सुरू झाले आहेत, आणि बोलणें शिकविणाऱ्या बाईंकडेहि आठवड्यांतून दोनदां नेतात. मूल किती बोलेल व केव्हां बोलेल, हें डॉक्टर आज सांगत नाहींत, आणि मीहि कोणास सांगूं देत नाहीं. परंतु या वेळीं आम्ही बाराव्या वर्षाची वाट पाहत बसलों नाहीं.

वाचकहो, आपल्या घरींहि असे कागद येतील. पत्रिकेचे येतील, रक्ताच्या तपासणीचे येतील, यंत्रांचे येतील. त्यांवर तांबडें कांहीं दिसलें तर घाबरण्यापूर्वीं एवढेंच विचारा: एकंदर किती रेघा पाहिल्या? कोणती रेघ पाहावयाची, हें आधीं ठरलें होतें कीं मागून? आणि ज्या रेघांचें कांहींच झालें नाहीं, त्या कोणीं मोजल्या काय? या तीन प्रश्नांस मॅट्रिकहि व्हावें लागत नाहीं. आमच्या वहिनींनीं ते उकड मळतां मळतां समजून घेतले.